गच्चीवरची डिश परत बसवा: शाळेच्या संचालक मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळातील सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या गच्चीवरची दोन फुटी डिश उतरवली गेली. शाळा उघडल्यावर प्रत्येक मुलाच्या दप्तरातून एक सूचनापत्र घरी आलं. त्यातलं एक वाक्य मला आता पाठ झालंय: ‘गच्चीवर बसविलेल्या उपकरणाच्या रेडिएशनपासून विद्यार्थ्यांच्या आरोग्यास असलेला धोका विचारात घेऊन सदर उपकरण काढून टाकण्यात आले आहे.’ खाली शाळेचा शिक्का.

ते उपकरण म्हणजे नववीच्या मुलांनी केलेली रेडिओ दुर्बीण, म्हणजे उजेडाऐवजी आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारी दुर्बीण होती आणि ती उभी करायला मी त्यांच्याबरोबर होतो. माझी मुलगी त्याच वर्गात आहे. आपल्याला भेटायला मी दोनदा आलो. पहिल्यांदा बैठक चालू होती, दुसऱ्यांदा ‘लेखी द्या’ असं सांगण्यात आलं. लेखी दिलं, पोच घेतली, त्याला आता दोन महिने होतील. उत्तर आलं नाही, म्हणून चारचौघांत लिहितोय. शाळेचं नाव मी कुठेही घालणार नाही. माझी बहीण तिथंच शिकली, मुलगी तिथं शिकतेय. शाळेची बदनामी व्हावी असं माझ्या मनात तीळभरही नाही.

माझा धंदा डिश बसवण्याचा. बावीस वर्षं झाली. फ्री डिशचा उपग्रह कोल्हापुरातून आग्नेयेला, साधारण ६० अंश उंचीवर लागतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. या धंद्यात वर्षातून दोनदा, मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर संपता संपता, फोन वाजायला लागतात. सकाळी अकराच्या सुमारास चित्र फुटतं आणि दहाएक मिनिटांत आपोआप नीट होतं. आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, ‘सन आउटेज आहे, कशाला हात लावू नका.’ हा शब्द मी वीस वर्षं वापरला. त्याचा अर्थ मला शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमनी सांगितला. त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. सूर्याकडून उजेडाबरोबर रेडिओ लहरीही येत असतात, आणि उपग्रहाचा बारीकसा सिग्नल त्यांच्या खरखरीत बुडून जातो. म्हणजे ती दहा मिनिटं अख्ख्या कोल्हापुरातल्या डिश सूर्य ऐकत असतात. मी त्याला बिघाड समजत आलो होतो.

मॅडम माझ्याकडे आल्या त्या जुनी डिश मागायला. मे २०२५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर गेले. त्यांचा जन्म आपल्या कोल्हापुरातला, १९ जुलै १९३८ चा. शाळा उघडल्यावर आपल्या सभागृहात श्रद्धांजलीची सभा झाली. मी मागच्या रांगेत उभा होतो. आपल्यापैकीच एकांनी तेव्हा मुलांना सांगितलं, की कोल्हापूरच्या पोरांनी आकाशाकडे बघायला शिकलं पाहिजे. मॅडमनी ते मनावर घेतलं.

सामान किती लागलं तेही सांगतो, कारण ‘खर्चिक उपकरण’ असा शब्द मला कार्यालयात ऐकायला मिळाला. डिश माझ्याकडे पडून होती. लोक फायबर घेतात, जुन्या डिश गच्चीवर गंजत राहतात, एक उचलून आणली. एलएनबी, म्हणजे डिशपुढच्या दांड्यावरचा लहरी पकडणारा डबा, त्याच डिशचा. सिग्नल शोधायला आम्ही वापरतो तो काट्याचा सॅट फाइंडर माझ्या पिशवीतला. एलएनबीला वीज पुरवायला एक बंद कनेक्शनचा सेट-टॉप बॉक्स. डिश वर-खाली आणि आजूबाजूला फिरायला हवी म्हणून उद्यमनगरातल्या एका वेल्डरकडून जुन्या शिलाई मशीनच्या सांगाड्यावर बिजागरी मारून घेतली. त्यानं पैसे घेतले नाहीत. उंचीचा कोन मोजायला मुलांनी कंपासातला कोनमापक आणि दोऱ्याचा ओळंबा लावला. शाळेचा एक रुपयाही त्यात गेलेला नाही.

आता जे घडलं ते आपण कुणी पाहिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुलैतला शनिवार होता, सकाळची शाळा. जुलैत कोल्हापूरचं आभाळ कसं असतं ते आपल्याला माहीत आहे. चार दिवस सूर्य दिसला नव्हता, भुरभुर चालू होती. मला वाटलं, आज काही होत नाही. मॅडम म्हणाल्या, होईल. पोरं गच्चीवर गोळा झाली. आधी डिश आभाळाच्या मोकळ्या भागाकडे वळवली आणि फाइंडरचं बटण फिरवून काटा खाली आणला. मग एका मुलीला सांगितलं, एलएनबीपुढे हात धर. काटा टुणकन वर गेला, फाइंडर शिटी मारल्यासारखा वाजायला लागला. हात काढला, काटा खाली. तिनं विचारलं, ‘काका, माझ्या हातातनं पण लहरी येतात?’ मॅडमनी सांगितलं, येतात. ज्याच्या अंगात ऊब आहे त्या प्रत्येक वस्तूतून थोड्या थोड्या येतात. आभाळ थंड, हात गरम, तेवढा फरक काटा दाखवतो. मग प्रत्येकानं हात धरून बघितला. भिंत बघितली, कठडा बघितला, मॅडमची छत्री बघितली.

मग सूर्य शोधायचा होता. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, सगळं आभाळ राखाडी. साडेनऊ वाजता सूर्य कुठल्या दिशेला आणि किती उंच असेल ते मॅडमनी वहीत काढून आणलं होतं. आमच्या ऑफसेट डिशची एक खोड असते. ती समोर बघतेय असं वाटतं, पण असते वीस-पंचवीस अंश वर बघत. ते मी पोरांना सांगितलं, त्यांनी तेवढा कोन वजा केला. दोघं डिश फिरवत होते, एक ओळंबा बघत होता, बाकीची पोरं कान देऊन. शिटी बारीक झाली, मोठी झाली, परत बारीक झाली. मागे आणा, थोडं मागे. आणि एक पोरगा ओरडला, ‘काका, घावला! सूर्य घावला!’

ढगाआड होता, पण घावला. भुरभुर पावसात माझ्या अंगावर काटा आला होता. मुसळधार पावसात डिशचं चित्र जातं हे मला ठाऊक आहे, पण साधा ढग या लहरींना अडवत नाही. हे मी बावीस वर्षं वापरत होतो, पाहिलं मात्र त्या दिवशी.

त्यानंतर दर शनिवारी एक तास. ऊन असलं की मुलं डिशवर आरशाचे बारीक तुकडे चिकटवायची. उजेडाचे ठिपके एलएनबीवर एकवटले की डिश सूर्यावर बरोबर बसली. सूर्याकडे कुणी डोळा लावायचा नाही, हा मॅडमचा पहिला नियम. मग डिश तशीच ठेवून हात बांधून उभं राहायचं. पृथ्वी फिरते, सूर्य डिशच्या नजरेतून सरकत जातो, काटा हळूहळू चढतो आणि उतरतो. दर अर्ध्या मिनिटाला एकजण काटा वाचायचा, दुसरा लिहायचा. आलेखाचा डोंगर साधारण बारा मिनिटांचा निघाला. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणजे सूर्य तीन अंश रुंद? पुस्तकात तर अर्धा अंश. चुकलं कुठे? यावर त्या वर्गात जे भांडण झालं ते ऐकायला आपण हवे होता. काही चुकलेलं नव्हतं. सूर्य अर्ध्या अंशाचाच आहे, धूसर आहे ती आपल्या डिशची नजर. लहर अडीच सेंटिमीटरची आणि डिश साठ सेंटिमीटरची, म्हणून तिला तीन अंशांपेक्षा बारीक दिसत नाही. बारीक बघायचं तर डिश मोठी पाहिजे, नाहीतर पुष्कळ डिश लांब लांब ठेवून एकत्र जोडायला पाहिजेत. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश आहेत, प्रत्येक ४५ मीटरची, २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. त्या तशा का पसरल्यात हे आमच्या नववीच्या पोरांना त्या दिवशी न सांगता कळलं.

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार त्या सूचनापत्रातल्या वाक्याबद्दल. ते खरं नाही. डिश काही सोडत नाही. ती बाहेरून येणाऱ्या लहरी एलएनबीवर गोळा करते, एवढंच तिचं काम. तिच्यामुळे गच्चीवर जितक्या लहरी होत्या त्यात भर पडत नाही. डिश काढली म्हणून सूर्याकडून येणाऱ्या लहरी थांबलेल्या नाहीत, त्या पूर्वीसारख्याच गच्चीवर आणि मैदानावर पडतायत. सिग्नल सोडणाऱ्या वस्तू वेगळ्या. मोबाइल सोडतो, शाळेच्या कार्यालयातला वायफायचा राउटर सोडतो. पालकांना भीती वाटली असेल तर त्यांचा दोष नाही, मोबाइल टॉवरवरून सगळीकडेच बोललं जातं. पण भीती वाटलेल्या माणसाला समजावून सांगायची जागा शाळा नाही तर दुसरी कुठली? आपण मॅडमना एकदा तरी विचारायला हवं होतं. न विचारता एक चुकीची गोष्ट शाळेच्या शिक्क्यानिशी शेकडो घरांत गेली. ज्या पोरांना ती चूक आहे हे माहीत होतं, त्यांनीच ते पत्र घरी नेऊन दिलं.

याची झळ मला धंद्यातही बसली. ते पत्र व्हॉट्सअॅपवर फिरलं. फुलेवाडीतल्या एका ताईंनी मला बोलावून, बाळाच्या खोलीवरच्या पत्र्यावरची डिश काढायला लावली. मी समजावलं. त्या म्हणाल्या, ‘दादा, शाळेनं लिहून दिलंय.’ मी काढली. काय बोलणार?

दुसरी तक्रार मॅडमना दिलेल्या ज्ञापनाची, म्हणजे मेमोची. ‘विनापरवानगी उपकरण बसविले’ असं त्यात आहे. परवानगी तोंडी घेतलेली होती, माझ्यासमोर. लेखी घ्यायची राहिली, ही चूक मी कबूल करतो, आणि तिचा निम्मा वाटा माझा. पण मुलांना शनिवारी थांबून शिकवणाऱ्या बाईंच्या सेवापुस्तकात त्याचा कागद लागावा, एवढा तो गुन्हा आहे का? त्यानंतर प्रयोगशाळेच्या भिंतीवरचे मुलांचे आलेखही निघाले. त्यांचा गच्चीशी काय संबंध होता?

‘हे अभ्यासक्रमात नाही’ असंही मला सांगण्यात आलं. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात दुर्बिणींचा धडा आहे. त्यात रेडिओ दुर्बीण आहे, नारायणगावजवळची जीएमआरटी आहे. पोरगी मला दाखवायला घेऊन आली होती.

आणि आपल्या एका मुद्द्यात तथ्य आहे, तेही लिहितो. गच्चीचा कठडा कमी उंचीचा आहे. पोरं चढतात, वाकतात. हे कारण आपण पत्रात लिहिलं असतं तर मी स्वतः डिश उतरवून खाली आणली असती. दुर्बिणीला गच्ची लागत नाही, मोकळं आभाळ लागतं. मैदानाच्या पाण्याच्या टाकीकडच्या कोपऱ्यातून सकाळचा सूर्य दिसतो, दक्षिणेकडची उपग्रहांची रांगही दिसते.

‘असल्या खेळण्यातून काय होणार’ असं बैठकीत कुणी म्हणाल्याचं कानावर आलं. खरं असेल नसेल. पण मॅडमनी मुलांना सांगितलेल्या दोन-तीन हकिकती मी इथं लिहितो, कारण त्या ऐकल्यापासून मी माझ्या कामाकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

कार्ल जान्स्की नावाचा अमेरिकेतला इंजिनिअर टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. समुद्रापलीकडे रेडिओवरून फोन लावला की मध्ये खरखर यायची, ती कुठून येते ते शोधायचं काम त्याला दिलेलं. म्हणजे आमच्याचसारखा, तक्रार आली की खरखर शोधत फिरणारा. त्यानं चाकांवर फिरणारा अँटेना केला. विजांची खरखर सापडली, पण एक बारीक फुसफुस उरली. ती रोज चार मिनिटं लवकर यायची. तारेही रोज चार मिनिटं लवकर उगवतात. १९३३ मध्ये त्यानं जाहीर केलं, की ही फुसफुस आकाशगंगेतून येते, धनू राशीच्या बाजूनं. रेडिओ खगोलशास्त्र तिथून सुरू झालं.

दुसरी हकिकत आपल्या महाराष्ट्रातली. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप तरुण असताना ऑस्ट्रेलियात काम करत होते. तिथं वापरातून गेलेल्या ३२ डिश होत्या, प्रत्येक सहा फुटी. त्या त्यांनी भारतासाठी मागून घेतल्या आणि १९६५ मध्ये कल्याणला उभ्या करून सूर्याचं निरीक्षण केलं. देशातल्या रेडिओ दुर्बिणींची सुरुवात अशी कुणाला नको असलेल्या डिशमधून झाली. त्याच माणसानं पुढं उटीची दुर्बीण उभारली आणि नंतर खोडदची. सहा फुटी म्हणजे आपल्या गच्चीवरच्या डिशच्या तिप्पट, बस्स.

तिसरी हकिकत आता थांबलेल्या कामाची आहे. हायड्रोजनच्या अणूमधून २१ सेंटिमीटरची लहर येते, १४२० मेगाहर्ट्झवर. ती पहिल्यांदा पकडली १९५१ मध्ये हार्वर्डच्या ईवेन आणि पर्सेल या दोघांनी. प्लायवूडचा एक मोठा कर्णा, आतून तांब्याचा पत्रा, आणि तो खिडकीबाहेर काढलेला. पाऊस आला की त्यातून पाणी आत यायचं. तसाच कर्णा मुलांना करायचा होता. पुठ्ठा, अॅल्युमिनियमचा कागद, थिनरचा पाच लिटरचा चौकोनी डबा, त्याच्या आत सव्वापाच सेंटिमीटरची तांब्याची तार, एक अॅम्प्लिफायर आणि टीव्हीच्या ट्यूनरसारखी यूएसबी डाँगल. पुठ्ठे कापून झाले होते. डिशनं सूर्य ऐकला, कर्ण्यानं आकाशगंगा ऐकायची होती. ते पुठ्ठे आता प्रयोगशाळेच्या कपाटावर धूळ खात आहेत.

सूचनापत्र घरी आलं त्याच सुमारास अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होता. दरवर्षी दोनदा मावळतीचे किरण देवीपर्यंत पोचतात आणि आपण सगळे बघत असतो, आज पायापर्यंत आले, आज छातीपर्यंत. किरणांच्या वाटेत बांधकाम आडवं आलं तर ते हटवावं म्हणून गाव बोलतं, मोजमापं होतात. सूर्य कुठल्या दिवशी कुठल्या कोनात येतो याची एवढी जाण असलेलं आपलं गाव आहे. या गावातली पोरं त्याच सूर्याचा कोन ओळंब्यानं मोजत होती, एवढंच मला आपल्यापुढे ठेवायचंय.

माझं मागणं सांगतो.

पालकांना दुसरं पत्र काढा. डिश फक्त लहरी घेते, सोडत नाही, आणि आधीच्या पत्रातलं धोक्याचं वाक्य मागे घेत आहोत, असं त्यात स्पष्ट लिहा. आपल्याला माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात विचारा, पुण्याला एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेत विचारा. जे उत्तर येईल ते छापा.

मॅडमचं ज्ञापन रद्द करा. आलेख भिंतीवर परत लावा.

डिश मैदानाच्या कोपऱ्यात बसवायला लेखी परवानगी द्या, शनिवारच्या तासासह. कुंपणाला जाळी लागली तर ती मी आणि आम्ही चार पालक मिळून लावू. कर्ण्याच्या कामालाही मोकळीक द्या, त्याच्या इलेक्ट्रॉनिक सामानाचे पैसे पालकांनी जमवायचं ठरवलेलं आहे.

२८ फेब्रुवारी विज्ञान दिन. त्या निमित्तानं खोडदला जीएमआरटी लोकांना पाहायला खुली असते, शाळांचे प्रकल्पही तिथं मांडले जातात. मुलांना तिथं त्यांचे आलेख घेऊन जायचं होतं. यंदा जमलं नाही तर ही मुलं दहावीत जातील, आणि दहावीत कुणी त्यांना सोडणार नाही. म्हणून उत्तर फेब्रुवारी लागायच्या आत द्यावं, ही कळकळीची विनंती.

सुट्टीत डिश उतरवताना एलएनबीची वायर कुणीतरी पकडीनं तोडली आहे. डिश जिन्याखाली खुर्च्यांच्या मागे आहे, मी पाहून आलो. कड थोडी वाकली आहे, ती हातानं सरळ होईल. वायरला नवा एफ कनेक्टर लावायला मला दहा मिनिटं लागतात. कुठल्याही शनिवारी सकाळी बोलवा, मी पिशवी घेऊन येतो.

आपला नम्र,
नववीतल्या एका विद्यार्थिनीचा पालक,
कोल्हापूर